पावणेबाराचा फोन

८ जानेवारी

आणि बारा दिवसांत डबा संपतोच कसा, हे मी विचारणारच. फोन ठेवला म्हणून भांडण मिटत नसतं. ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा, वर गुबगुबीत पोराचं चित्र, महिनाभर पुरतो असं दुकानदारानं छातीठोक सांगितलेलं. डबा रिकामा, आणि पोरगी तीनशे ग्रॅमनं कमी. मग खाल्लं कुणी?

हे सगळं दीपमालाला बोलायचं होतं. पण ती म्हणाली, "तुमचं नाव कडुबा ठेवणाऱ्यानं इचार करूनच ठेवलं असंल," आणि फोन बंद. आता उरलेलं बोलणं मी कुठं टाकू? जुनेद म्हणाला, लिही. त्यानंच ही डायरी दिली. मसालेवाल्यानं हॉटेलला फुकट दिलेली, शेठनं फेकलेली, त्यानं उचललेली. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही ढकलत. पण अक्षर मला लागतं.

नवी वही आहे तर नीट लिहितो. मी गुजरातेत, गांधीधामला, हायवेवरच्या हॉटेलात तंदूरवर आहे, जुनेदच्या हाताखाली. तो आमच्याच शहरातल्या शहागंजचा, त्यानंच मला इथं आणलं. ही माझी सहावी नोकरी. माय म्हणते पायाला भिंगरी आहे. घर संभाजीनगरला, मुकुंदवाडीत, एक खोली. तिथं बायको दीपमाला, खुलताबादकडच्या गावाहून आलेली माझी माय, आणि संस्कृती, सव्वातीन वर्षांची. दीपमाला उल्कानगरीतल्या एका बंगल्यावर पोर सांभाळते, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. घरात फोन एकच, तो तिच्याजवळ.

डिसेंबरात अंगणवाडीच्या काट्यावर संस्कृती साडेअकरा किलो भरली होती. परवा अकरा किलो दोनशे. तिच्या कार्डावर तीन पट्टे असतात. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखाना. ती पिवळ्यात आली. नान लावताना मला तंदूरमध्येसुद्धा तो पिवळाच दिसत होता.

१० जानेवारी

अंगणवाडीच्या वहिदाताईचा नंबर दीपमालाकडून मागून घेतला आणि सकाळी लावला. म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. बाई चिडली नाही. म्हणाली, "भाऊ, काटा बरोबर हाय. पाहिजे तर मी उभी राहून दाखवते, फक्त माझा आकडा विचारू नका."

मग तिनं विचारलं, पोरगी निजते किती वाजता. मी म्हटलं वेळेवर. किती वाजता, ते सांगा. मी म्हटलं, ते तिच्या आईला विचारा. मी वजनाचं विचारायला फोन केला आणि ही झोपेचं विचारते. सरकारी माणसं अशीच, आपला प्रश्न बाजूला आणि त्यांचाच प्रश्न चालू. झोपून कुणाचं पोट भरलंय?

१२ जानेवारी

आज चांगला दिवस. गर्दी लवकर ओसरली, तरी सुटायला पावणेबारा झालेच. हात न धुताच फोन लावला. संस्कृती जागीच. डोळे चोळत होती, पण जागी. मागं दीपमाला भिंतीला टेकून अर्धी झोपलेली. पोरगी म्हणाली, पप्पा, आग दाखवा. मी तंदूरच्या तोंडाशी फोन धरला. तिनं निखारे मोजले. नऊपर्यंत येतात तिला, मग पुन्हा एकपासून. अंगणवाडीतलं गाणं म्हणून दाखवलं, पुन्हा म्हण म्हटलं तर पुन्हा म्हटलं. असं साडेबारापर्यंत चाललं.

जुनेद म्हणाला, "लेकरू हाय का वॉचमन?" मी म्हटलं, तुझं लग्न होऊ दे, मग कळेल. बापाला बघितल्याशिवाय डोळा लावत नाही, असं लेकरू किती जणांना मिळतं? दिवसभर आगीपुढं उभं राहून अंगाचा पापड होतो. पण तो अर्धा-पाऊण तास मिळाला की वाटतं, चला, उद्याही इथं टिकू.

१५ जानेवारी

तीनशे ग्रॅम सापडले.

मायनंच सांगितलं. काल संक्रांत, म्हणून दीपमाला घरी होती, दुपारीच बोलणं झालं. डिसेंबरच्या वजनाला मायनं पोरीला चांदीचे वाळे घातले होते, कमरेला करदोडा, वर दोन स्वेटर. त्यातल्या एकाच्या खिशात शेंगदाणे. मी म्हटलं, माय, हे कशाला. तर म्हणाली, "चार बायांत आपल्या लेकराची पडती बाजू कशाला दाखवायची? अन् उघड्या अंगाचं वजन केलं की दृष्ट लागते." या महिन्यात वहिदाताईनं सगळं उतरवून काट्यावर ठेवलं. म्हणजे पोरगी घटलीच नव्हती. घटली चांदी.

मी लई हसलो. जुनेदला सांगितलं तर तो म्हणाला, आमची दादी असती तर खलबत्ता बांधला असता.

पण मग दीपमाला म्हणाली, हसू नका. घटली नाही, तशी वाढलीसुद्धा नाही. गणपतीपासून अकरा-दोनशेच्या आसपासच आहे. या वयात दर महिन्याला थोडी थोडी रेघ वर चढायला पाहिजे. माझं हसू तिथंच थांबलं.

२३ जानेवारी

बदाम पाठवले, पाव किलो. जुनेदचा भाऊ संभाजीनगरला निघाला होता, त्याच्याकडं तूपही दिलं, कच्छी म्हशीचं.

रात्री फोनवर दीपमाला बंगल्यातल्या पोराचं सांगत होती. अभय नाव, पाच वर्षांचा, वजन अठ्ठावीस किलो. जिना चढला की धापा टाकतो. त्याला डॉक्टरकडं नेलं, तर त्या डॉक्टरनंही पहिलं हेच विचारलं म्हणे, निजतो कधी. साहेबांचा वाळूजला कारखाना. ते रात्री साडेदहाला येतात, तोवर पोरगं जागं. मग बापलेक खेळतात, मग हातात टॅब, मग साडेबाराला भूक लागली म्हणून बिस्किटं, चॉकलेटचं दूध. सकाळी स्कूलबसमध्ये पेंगतं, संध्याकाळी मैदानावर न्यावं तर बाकड्यावरून उठत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी झोप सुधारा, मग खाण्याचं बघू.

मी म्हटलं, श्रीमंताची थेरं. पोरगं जाड, तरी दवाखाना. आपली बारीक, तरी अंगणवाडी.

दीपमाला म्हणाली, "झोप दोघांचीबी तेवढीच मोडते. त्याला जाग राहिली की फ्रीज हाय. आपली नुसतीच जागी."

मी म्हटलं, बरं, आपणही फ्रीज घेऊ, जुना मिळतो.

ती म्हणाली, तुम्हाला काय सांगायचं. हे तिचं नेहमीचं. काय सांगायचं ते सांगत मात्र नाही. तेवढ्यात संस्कृतीनं फोन ओढून घेतला. बारा वाजून गेले होते.

३० जानेवारी

आज शेठच्या शिव्या खाल्ल्या. लग्नाची पन्नास माणसांची बस अचानक आली. जुनेद नमाजला गेला होता. मी झाकलेला मैदा काढला आणि गोळे करायला घेतले. मैदा मळून अर्धाच तास झाला होता. नान फुगेनात. काही भिंतीला चिकटेनात, नान लावायच्या कापडी गादीवरून सुटले की सरळ निखाऱ्यात. चिकटले ते चामड्यासारखे. पंधरा-वीस वाया गेले.

जुनेद आला, कणीक दाबून पाहिली आणि हसला. म्हणाला, "मैदे कू सोने दे ना रे. ओलं फडकं टाकून दोन तास नीज लागते त्याला. दही टाक, दूध टाक, तूप टाक, काय पण टाक. झोप झाली नाय तर फुगत नाय."

मी म्हटलं, गिऱ्हाईक थांबत नाही. तो म्हणाला, गिऱ्हाइकाची घाई मैद्याला काय माहीत.

शेठनं वाया गेलेले नान पगारातून कापणार म्हणून सांगितलं. डोकं तापलं. एकदा वाटलं, ही नोकरी पण सोडावी. मग पावणेबाराची वाट बघितली आणि सगळं शांत झालं.

३ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहायचं की नाही, हे ठरवायलाच तासभर गेला.

शेठच्या चुलत्याचं निधन झालं म्हणून हॉटेल बंद. मोकळा होतो. दुपारी बाराच्या सुमाराला वहिदाताईला फोन लावला. म्हटलं, या महिन्याचं वजन झालं का? बदाम पाठवलेत, तूप पाठवलंय, आता काय म्हणतो काटा? ती म्हणाली, "अकरा-दोनशेच. थांबा भाऊ, तुम्ही बघाच." तिनं व्हिडिओ चालू केला.

पोरं मांडी घालून बसलेली. पुढं ताटल्या, खिचडी, अर्धं केळ. एक पोरगं शेजारच्याचं केळ घेत होतं. कडेला सतरंजीवर संस्कृती झोपलेली. तोंड उघडं, हातात अजून खडू. वहिदाताईनं तिला हलवलं. तिनं डोळे उघडले, एक घास तोंडात घेतला आणि घास गालातच ठेवून पुन्हा मान टाकली.

ताई म्हणाली, रोजचं आहे. जेवायच्या वेळेला हिची रात्र होते. उठवलं तर रडते, रडली की जेवत नाही. बाकीची पोरं दुसऱ्यांदा मागून खातात. घरी नेलेली खिचडी चार वाजता आंबूस होते. सकाळी तर ती पेंगतच येते. मग तिनं पोरीला न्यायला आलेल्या मायला हाक मारली आणि विचारलं, आजी, खरं सांगा, ही झोपते किती वाजता?

फोनमध्ये मी आहे हे मायला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आता काय सांगू बाई. बापाचा फोन आल्याबगर निजत नाय ती. एक वाजतो. अन् पाचला दीपीचा स्टो पेटला की उठून बसते. एकाच खोलीत कुठं लपवायची तिला?"

मी फोन कापला. मग वहिदाताईला मेसेज टाकला, रेंज गेली. रेंज पूर्ण होती.

४ फेब्रुवारी

रात्री मुद्दाम फोन केला नाही. साडेबाराला तिकडूनच आला. संस्कृती रडून लाल झालेली. साडेअकरापासून फोनकडं बघत बसली होती म्हणे. म्हणजे केला तरी जागी, नाही केला तरी जागी.

पोरगी निजल्यावर दीपमाला जिन्यात येऊन बोलली. मी आधी डब्याचंच काढलं. सवय. तिनं सांगितलं, डबा माय संपवते. पोरगी सकाळी पेंगत असते, दोन घोट पिऊन ग्लास बाजूला करते. महागाचं वाया जाऊ नये म्हणून माय पिते. डब्यानं वजन वाढलंय, पण मायचं.

मग ती म्हणाली, "तुम्ही डब्यातून ताकद पाठवता अन् रात्री जागवून काढून घेता."

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तुमचा फोन बंद झाला असता. फोन बंद झाला की तुम्ही आठ दिवसांत काम सोडून दारात. पाच कामं बघितलीत मी. अन् तुमचं दिवसभरात तेवढंच हसणं होतं. ते माझ्या हातानं कसं तोडू?"

मी समजत होतो पोरीला माझ्याशिवाय झोप येत नाही. तिची झोप मीच घेत होतो, रोज पाऊण तास, आणि वर चार जणांत मिरवत होतो.

९ फेब्रुवारी

बॅग भरली. खरंच भरली. चार शर्ट, ही वही. ठरवलं, घरी जायचं. बाप घरी असला की फोनच लागणार नाही.

जुनेद बॅगेवर बसला. म्हणाला, जा, आणि तिथं काय, मायचा डबा वाटून पिणार? सातवं काम बघशील, ते रात्रपाळीचं असंल. मग म्हणाला, "तुला जागा बदलायची नक्को, वेळ बदल." पहाटे पाच ते दुपारी दोन, भटारखान्यात माणूस पाहिजे. कांदा, मसाला, दिवसभराची कणीक. तंदूरवर मिळते ती बक्षिशी तिथं नाही आणि पगारही कमी, कारण ते हातकाम, तंदूर म्हणजे कारागिरी. मी तंदूर शिकायला आठ महिने घातलेत. दोन्ही हातांवर डाग आहेत त्याचे. मी हो म्हटलं नाही. जुनेद माझ्या बॅगेवर डोकं ठेवून झोपला, म्हणून जाणंही झालं नाही.

११ फेब्रुवारी

शेठला विचारलं. तो म्हणाला, तंदूरवरून खाली उतरायचं म्हणणारा पहिलाच बघतोय, बीमार छे के? मी म्हटलं, पोरगी झोपत नाही. त्याला काही कळलं नाही. पण सकाळचा माणूस पळून गेलेला, म्हणून दिलं. एकवीस तारखेपासून.

दीपमालाला सांगितलं, पैसे कमी येतील. ती म्हणाली, डबा बंद करा, बदाम बंद करा. मग म्हणाली, नाहीतर बदाम राहू द्या, थोडे. मायलाच.

२१ फेब्रुवारी

पहिला सातचा फोन करायचा होता, दीपमालाची रिक्षा चुकली, साडेसात झाले. संस्कृती विचारते, पप्पा, आग कुठंय? मी म्हटलं, आग आता जुनेदकाका बघतो, मी कांदे बघतो. कांदे दाखवले. तिला कांद्यात काही मजा वाटली नाही. पाच मिनिटांत पळाली. शेजारची पोरं बाहेर खेळत होती ना. रात्री पाऊण तास माझ्याशिवाय तिला कुणीच नसायचं. आता बाकीचं जगही जागं असतं.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाईट वाटलं.

२६ फेब्रुवारी

चार दिवस ती रात्री उठून फोन मागत होती. काल मागितला नाही. नऊला झोपली. दीपमाला आता स्टो बाहेर जिन्याखाली पेटवते, पोरगी सातपर्यंत उठत नाही. कालच पाणी आलं रात्री दोनला, सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन जागी, तरी ही झोपलेलीच.

माझंच वेगळं झालंय. फोन संपून आठ वाजले की मला काम नाही. जुनेदची आता तंदूरवर पहाटेपर्यंत पाळी. खोलीत एकटा. दोन-तीन दिवस हायवेवर चकरा मारल्या, ट्रक मोजले. काल साडेनऊला आडवा झालो आणि एकदम जुनेदनं पहाटे हलवलं तेव्हाच उठलो. त्याची झोपायची वेळ ती माझी उठायची. एकच गादी दोघांना पुरते, गरम असतानाच बदली होते.

९ मार्च

आज बोलता बोलता झोपली. मी विचारत होतो, अंगणवाडीत काय खाल्लं. ती म्हणाली, खिचडी, आणि परत खिचडी, आणि... पुढं काही नाही. फोन उशीला टेकलेला, त्यात तिचा अर्धा गाल दिसत होता. पावणेनऊ वाजले होते. आज फोनला उशीर झालेला, तरी झोप थांबली नाही तिची. दीपमाला फोन उचलायला आली, मी खुणेनं म्हटलं राहू दे. नुसता बसून राहिलो. गाल थोडा हलत होता, झोपेत काहीतरी चघळत असल्यासारखा.

अंगणवाडीतलं ते पेंगणं सोडलं, तर इथं आल्यापासून मी कधी तिला झोपलेलं बघितलंच नव्हतं. फोनवर ती कायम जागीच असायची.

३ एप्रिल

वहिदाताईनं स्वतः फोन केला. अकरा किलो सहाशे. मी विचारलं, वाळे? म्हणाली, आजीनं घालून आणले होते, मी उतरवले, मग मोजलं. खिशातले शेंगदाणेही काढले. अजून पिवळा पट्टाच आहे, पण रेघ वर निघालीय, अशी दोन-तीन महिने राहिली की हिरव्यात जाईल. आणि म्हणाली, आता ती दुसऱ्यांदा मागते, आणि शेजारच्याचं केळंही घेते, ते जरा घरी समजवा.

मी समजवणार नाही. घेऊ दे केळ.

संध्याकाळी दीपमाला खुशीत होती. तिच्या बंगल्यावरच्या मॅडमनं विचारलं, तुझी कशी काय झोपायला लागली? तिनं सगळं सांगितलं, माझी नवी पाळी, सातचा फोन. मॅडम म्हणाल्या, आमच्या साहेबांना लवकर ये म्हणून कोण सांगणार? अभय अजून साडेबारालाच झोपतो. दीपमाला मला म्हणाली, "तुम्ही ऐकलं तरी." एवढंच म्हणाली. पण तिच्या तोंडून इतकं यायला किती वर्षं लागली, ते मला माहीत आहे.

नोकरी सोडायचं डोक्यात नाही. कणीक मी आता चांगली मळतो. झाकून ठेवतो आणि हात लावत नाही. जुनेद म्हणतो, तुझ्या कणकेचे नान उलटे फुगून मलाच भाजतात. रात्री तोच मला सोडून तंदूरवर जाताना म्हणाला, कमी कमावतोस आणि जास्त हसतोस, हिशेब कळला नाय.

आज पगार झाला. आधी घरी साडेनऊ हजार जायचे. उद्या सकाळी पाठवतोय, सहा हजार आठशे.